२६ नंबरच्या बाईटने गिळलेली फाईल लिस्ट

मेल तीन ओळींचा होता. अमेरिकेतल्या एका सिसॉपचा, म्हणजे बुलेटिन बोर्ड चालवणाऱ्या माणसाचा. "तुमचं नवीन व्हर्जन टाकलं, काल रात्रीपासून युटिलिटीजच्या एरियात २१३ फाईलीच दिसतायत. डिस्कवर अकराशेच्या वर आहेत, सगळ्या जागेवर आहेत, पण लिस्ट मधेच संपते. काय करू?"

रविवारची सकाळ होती, मी चहाचा कप तसाच ठेवून लॅपटॉप उघडला, कारण हे व्हर्जन बाहेर पडून जेमतेम नऊ दिवस झाले होते आणि ते मी केलं होतं. त्या नऊ दिवसात काय घडलं आणि पुढचे दोन महिने काय निस्तरावं लागलं ते सगळं इथे लिहून ठेवतोय, कारण जुना कोड नव्या मशीनवर नेणाऱ्या कुणालाही हे उद्या भेटू शकतं, बोर्ड असो नाहीतर बँकेचं सॉफ्टवेअर.

आधी प्रोग्रॅम काय आहे ते सांगतो. बुलेटिन बोर्ड ही इंटरनेटच्या आधीची गोष्ट, शिकागोमधे वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सूस यांनी बर्फाच्या वादळात घरी अडकल्यावर पहिला बोर्ड बांधायला घेतला आणि १६ फेब्रुवारी १९७८ ला तो सुरू केला. एक कॉम्प्युटर, एक मोडेम, एक फोन लाईन. लोक फोन लावून आत यायचे, मेसेज लिहायचे, फाईली उतरवायचे. नव्वदच्या दशकात मुंबईतही बोर्ड होते, मी कॉलेजात असताना २४०० च्या मोडेमवरून लावायचो, आईने आतल्या खोलीत रिसिव्हर उचलला की लाईन तुटायची आणि अर्धी उतरलेली फाईल पाण्यात. तेव्हापासूनची ही ओढ आहे. आज फोन लाईनी गेल्या, बोर्ड टेलनेटवर आले, पण चालवणारे आहेत, हौसेने चालवतात, आणि त्यांना लागणारी छोटी छोटी हत्यारंही कुणीतरी सांभाळावी लागतात.

माझ्याकडे आहे ते हत्यार एकच काम करतं. बोर्डावर झिप फाईल आली की तिच्या पोटात फाईल-आयडी-डिझ नावाची एक छोटी टेक्स्ट फाईल शोधायची, त्यातलं वर्णन बाहेर काढायचं आणि फाइल्स-बीबीएस नावाच्या लिस्टमधे त्या झिपच्या नावापुढे लावायचं. डिझ म्हणजे झिपमधलं वर्णन. साधारण नियम असा की जास्तीत जास्त १० ओळी, प्रत्येक ओळ ४५ अक्षरांची. कॉलर लिस्ट बघतो, वर्णन वाचतो आणि फाईल उतरवायची की नाही ते ठरवतो. मोडेमच्या काळात एक मेगाबाईटला तास तास जायचा तेव्हा त्या ४५ अक्षरांना काय किंमत होती ते ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. प्रोग्रॅमचं खरं नाव इंग्रजी आहे, घरात मी त्याला वर्णनकाढ्या म्हणतो, इथेही तेच म्हणतो.

मूळ लेखक एक अमेरिकन सिसॉप, वयाने बराच मोठा. डोळ्यांना त्रास व्हायला लागल्यावर त्यांनी सोर्स माझ्या पदरात टाकला, टर्बो पास्कल या डॉसच्या काळातल्या भाषेत लिहिलेला, अडीच हजार ओळींच्या आतबाहेर, कॉमेंट्स मोजक्या पण नेमक्या. सोबत एकच वाक्य, "लोकांच्या लिस्ट मोडू देऊ नकोस." ते वाक्य मी पहिल्याच मोठ्या अपडेटमधे मोडलं, म्हणून अजून बोचतं.

अपडेट का करावं लागलं? जुनं एक्झी, म्हणजे प्रोग्रॅमची चालवायची तयार फाईल, चालत होतं की. तर चालत होतं आणि नव्हतंही. टर्बो पास्कलमधे लिहिलेल्या हजारो प्रोग्रॅमना एक रोग होता, रनटाईम एरर २००. सीआरटी नावाचं जे युनिट स्क्रीनसाठी वापरायचे ते सुरू होताना मशीन किती वेगाचं आहे ते मोजायचं, घड्याळाच्या एका टिकमधे, म्हणजे ५५ मिलिसेकंदात, रिकामा लूप किती वेळा फिरतो ते मोजायचं आणि त्या आकड्याला ५५ ने भागायचं. उत्तर १६ बिटात बसलं पाहिजे, म्हणजे ६५५३५ च्या आत. साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढचे पेंटियम आले आणि उत्तर बसेना, प्रोसेसर भागाकार अडला म्हणून ओरडायचा आणि प्रोग्रॅम शून्याने भागल्याचा मेसेज देऊन पहिल्याच क्षणी मरायचा. शून्य कुठेच नव्हतं! सिसॉपांनी एक्झीला पॅच मारून कसंबसं चालवलं. मग ६४ बिटचं विंडोज आलं, त्यावर १६ बिटचे प्रोग्रॅम चालतच नाहीत, तिथे पॅचही उपयोगाचा नाही. बरेच सिसॉप तोवर लिनक्सवर गेले होते आणि जुनी डॉसची हत्यारं डॉसएमूच्या, म्हणजे लिनक्सवर डॉस चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, आत चालवत होते, एका मशीनवर दोन जगं.

मग मी कोड फ्री पास्कलवर नेला. हे ऐकायला मोठं वाटतं, पण तो कंपायलर टर्बो पास्कलची भाषा जवळजवळ जशीच्या तशी समजतो, टर्बो पास्कलचा मोड लावला की इंटिजरसुद्धा १६ बिटचाच राहतो. ज्या ठिकाणी ठेच लागेल असं मला वाटलं होतं त्या सगळ्या जागा मी शोधून काढल्या होत्या. काही बोर्ड सॉफ्टवेअरच्या बायनरी फाईली थेट वाचायच्या होत्या, तिथे प्रत्येक रेकॉर्डला पॅक्ड लावलं, नाहीतर नवा कंपायलर फील्डच्या मधे भरतीचे बाईट घालतो आणि पुढचं सगळं सरकतं. फाईलमोड जुन्या कोडमधे ६६ होता, म्हणजे वाचा-लिहा आणि दुसऱ्यालाही अडवू नका, कारण एकाच लिस्टवर दोन नोड, म्हणजे बोर्डाच्या दोन लाईनी, एकदम यायचे, तिथे लिनक्ससाठी वेगळं लॉक लिहिलं. लिनक्सला इंग्रजीतली लहान-मोठी अक्षरं वेगळी वाटतात म्हणून डिझचं नाव कसंही लिहिलेलं असो, सापडेल असं केलं. उलट्या स्लॅश, सरळ स्लॅश, सगळं. चाळीसएक झिप घेतल्या, जुनं व्हर्जन डॉसबॉक्स या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममधे आणि नवं लिनक्सवर चालवलं आणि दोन्ही लिस्ट बाईटला बाईट लावून बघितल्या, एका बाईटचाही फरक नाही. माझी खात्री पटली, मी व्हर्जन ३.० सोडलं.

आता त्या मेलकडे. पहिला संशय लॉकवर गेला, कारण ते नवीन होतं, दोन नोडनी एकदम लिहिलं असेल आणि एकाचं अर्धं राहिलं असेल. पण त्यांच्याकडे त्या रात्री एकच कॉलर आला होता. मग वाटलं पास्कलची स्ट्रिंग, २५५ अक्षरांच्या वर ओळ गेली की कापली जाते, पण कापली गेली तर ती ओळ कापली जाईल, पुढची ९०० नावं का जातील. एका संध्याकाळी तीन थिअऱ्या केल्या आणि तिन्ही खोडल्या. शेवटी त्यांना म्हटलं, तुम्ही लिस्टची फाईलच झिप करून पाठवा, बाकी काही करू नका आणि लिस्टला हात लावणारे सगळे रात्रीचे इव्हेंट, म्हणजे आपोआप चालणारी कामं, बंद ठेवा.

हे दुसरं वाक्य मी सवयीने लिहिलं होतं, नंतर कळलं की त्या वाक्यानेच त्यांची लिस्ट वाचली.

फाईल आली आणि पहिल्याच नजरेला काहीतरी गडबड वाटली. डॉसच्या प्रॉम्प्टवर डिर केलं तर साईझ पूर्ण, अकराशे नावांना शोभेल एवढी. फाईल दाखवणारी टाईप कमांड दिली तर २१३ वर थांबतं. म्हणजे मजकूर आहे, वाचणारा थांबतोय. हेक्स व्ह्यूअर, म्हणजे फाईलीतला एक एक बाईट दाखवणारा प्रोग्रॅम, उघडला आणि २१३व्या नावाच्या वर्णनापाशी गेलो. वर्णन तीन ओळींचं, एका टेक्स्ट एडिटरचं. तिसरी ओळ संपते, नवीन ओळ सुरू होते आणि तिथे हे बाईट, दशमानात लिहितो: २६, ८३, ६५, ८५, ६७, ६९, ४८, ४८. पहिला सोडला तर पुढचे पाच म्हणजे एस, ए, यू, सी, ई, मग दोन शून्यं. सॉस!

सॉस ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. बोर्डांच्या जगात अक्षरांनी चित्रं काढणारे कलाकार होते, अ‍ॅन्सी आर्ट म्हणतात त्याला, आणि अ‍ॅसिड या त्यांच्या ग्रुपने चित्राच्या फाईलीच्या शेपटीला माहिती जोडायची एक पद्धत काढली. बरोबर १२८ बाईटचं शेपूट. ५ अक्षरं सॉस या शब्दाची, २ व्हर्जनची, ३५ शीर्षकाची, २० कलाकाराच्या नावाची, २० ग्रुपची, मग तारीख, साईझ वगैरे. चित्र बघणाऱ्याला हा कचरा दिसू नये म्हणून शेपटाच्या आधी २६ नंबरचा बाईट ठेवायचा, कारण २६ दिसला की डॉस समजतो फाईल संपली. काही जण डिझ फाईलही त्याच आर्टच्या एडिटरमधे करायचे आणि एडिटर सेव्ह करताना सॉस जोडून द्यायचा, लिहिणाऱ्याला पत्ताही नसायचा.

आता २६ म्हणजे फाईल संपली हे कुठून आलं? डॉसच्याही आधीच्या सीपीएममधून. सीपीएमला फाईलीची लांबी बाईटमधे माहीतच नसायची, १२८ बाईटच्या रेकॉर्डमधे मोजायचा, मग शेवटच्या रेकॉर्डमधे मजकूर नेमका कुठे संपला ते सांगायला कंट्रोल-झेड, म्हणजे २६, टाकायचे. त्याच वॉर्ड क्रिस्टेन्सन यांच्या १९७७ च्या प्रोग्रॅममधून जो एक्समोडेम हा मोडेमवरून फाईली पाठवायचा प्रोटोकॉल आला तोही १२८ बाईटचे ब्लॉक पाठवतो आणि शेवटचा ब्लॉक भरला नाही तर भरायला ठरलेला बाईट २६ च. डॉसने ती चाल उचलली, टर्बो पास्कलने डॉसकडून उचलली. त्यामुळे टर्बो पास्कलमधे टेक्स्ट फाईल वाचताना २६ आला की ईओएफ, म्हणजे फाईल संपली, पुढे काहीही असो.

इथेच घोडं पेंड खात होतं. जुना वर्णनकाढ्या डिझ टेक्स्ट फाईल म्हणून उघडायचा, ओळ ओळ वाचायचा, २६ लागला की थांबायचा. सॉस त्याला कधी दिसलाच नाही. सोर्समधे सॉस हा शब्द कुठेच नाही, मूळ लेखकाने त्याचा विचारही केला नसेल, करायची गरजच पडली नाही, कंपायलर गुपचूप राखण करत होता. नव्या कंपायलरमधेही त्यासाठी एक स्विच आहे, कंट्रोल-झेडला शेवट मानायचं की नाही, पण लिनक्सवर तो मुळात बंद असतो, आणि लिनक्सच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, तिथे २६ हे साधं कॅरेक्टर. मी सोर्सची एक एक ओळ तपासली होती, पण बदललेली गोष्ट सोर्सच्या एकाही ओळीत नव्हती.

मग सॉसचं शेपूट एक लांब ओळ म्हणून वाचलं गेलं, माझ्या कोडने ती नियमाप्रमाणे ४५ अक्षरांवर कापली, आणि हिशोब बघा: २६ चा १, सॉस ५, व्हर्जन २, शीर्षक ३५, झाले ४३, वर कलाकाराच्या नावाची पहिली दोन अक्षरं. बरोबर तेवढंच लिस्टमधे होतं. ती दोन अक्षरं हेक्समधे दिसली तेव्हा माझी सगळी शंका फिटली.

पण मग माझ्या चाचणीत का नाही सापडलं? चाळीस झिपमधे सॉसवाल्या नव्हत्या का? होत्या, तीन होत्या! त्या रात्री मी पुन्हा उघडून बघितल्या. तिन्ही आर्ट ग्रुपच्या पॅकच्या, तिघींची वर्णनं सजवलेली, पूर्ण १० ओळींची. सॉसची ओळ आली ती अकरावी, आणि १० च्या पुढचं मी टाकून देतो. म्हणजे दहा ओळींचा नियम तिथे झाकण घालत होता. भोक दिसायला डिझ छोटी पाहिजे आणि शेपूट सॉसचं पाहिजे, दोन्ही एकदम, आणि असं साधं तीन ओळींचं वर्णन लिहिणारा माणूस आर्टच्या एडिटरमधे क्वचितच जातो. मी नमुने निवडले होते ते मला आवडतात म्हणून, छान सजवलेले, जुन्या आठवणींचे. खऱ्या बोर्डावरचा ढीग उचलून आणला असता तर हे पहिल्या तासात दिसलं असतं.

एवढं कळलं तेव्हा सोमवार उजाडला होता आणि मला जरा हायसं वाटत होतं, कारण मजकूर शाबूत होता, २६ काढला की लिस्ट जिवंत. त्या सिसॉपांची लिस्ट मी हाताने साफ करून परत पाठवली. आणि मग दुपारी दुसरा मेल आला.

हे दुसरे सिसॉप १९९३ पासून बोर्ड चालवणारे. त्यांच्याकडे बोर्ड लिनक्सवर, माझं नवं व्हर्जन लिनक्सवर, पण रात्री तीन वाजता एक जुना डॉसचा प्रोग्रॅम डॉसएमूमधे उठायचा आणि लिस्ट नावाप्रमाणे लावायचा. आता विचार करा. तो लिस्ट वाचतो, २६ लागला की त्याला वाटतं संपली, जेवढं वाचलं तेवढं लावतो आणि परत त्याच नावाने लिहितो. म्हणजे इथे नुसतं दिसणं बंद झालं नाही, २६ च्या पुढचं सगळं खरंच गेलं. लिहिण्याआधी तो एक बॅकअप ठेवायचा, एकच, बॅक एक्स्टेन्शनचा. दुसऱ्या रात्री तुटलेल्या लिस्टचा बॅकअप चांगल्या बॅकअपवर बसला. त्यांच्या लक्षात आलं सहाव्या दिवशी. पायाखालची वाळू सरकणे म्हणजे काय ते मला त्या दुपारी कळलं.

ज्या झिपमधे डिझ होती त्यांची वर्णनं परत काढता आली, फाईली तर डिस्कवर होत्याच, वर्णनकाढ्या पुन्हा सगळ्यांवरून फिरवला. पण १४८ झिप अशा होत्या की ज्यात डिझ नव्हतीच, डिझची पद्धत रुळण्याआधीच्या, आणि त्यांची वर्णनं त्या माणसाने स्वतः, प्रोग्रॅम चालवून बघून, हाताने टाईप केली होती, वर्षानुवर्षं. ती दुसरीकडे कुठेही नव्हती. त्यांनी मला एकही वाकडा शब्द लिहिला नाही. "तुमचा हेतू मला माहीत आहे, आता आपण काय काय परत आणू शकतो ते बघू," एवढंच. मला त्याने जास्तच लागलं.

परत आणायचा रस्ता त्यांच्याच जुन्या सवयीतून निघाला. बरेच बोर्ड दर आठवड्याला सगळ्या एरियांची मिळून एक मोठी लिस्ट करून झिपमधे ठेवायचे, कॉलर ती उतरवून घरी निवांत वाचायचे, लाईन अडून राहायची नाही. हे सिसॉप अजूनही करायचे. बोर्डावरची ऑलफाईल्स झिप तुटलेल्या लिस्टवरून नव्याने बनली होती, ती उपयोगाची नव्हती, पण त्यांनी बोर्डावर मेसेज टाकला, कुणाकडे जुनी आहे का. चौथ्या दिवशी एका कॉलरने आणून दिली, दोन वर्षांपूर्वीची, कुठल्यातरी फोल्डरमधे तशीच पडलेली. तिच्यातून १११ वर्णनं मिळाली. उरली ३७, त्या दोन वर्षांत त्यांनी जुन्या सीडीवरून नव्याने चढवलेली.

आता दुरुस्ती. सगळ्यात सोपी म्हणजे तो एक स्विच चालू करायचा, एका ओळीचं काम, नवं व्हर्जन जुन्यासारखं वागेल. मी पहिल्या अर्ध्या तासात ते केलंही आणि मग काढून टाकलं. कारण वर्णन फक्त डिझमधून येत नाही. फाईल एकोतून, म्हणजे बोर्डाबोर्डांत फाईली वाटणाऱ्या जाळ्यातून, आलेल्या झिपसोबत टिक नावाची माहितीची छोटी फाईल येते, तिच्यात वर्णनाच्या ओळी असतात, त्या दुसऱ्या रस्त्याने वाचल्या जातात. झिपची स्वतःची कॉमेंट असते, तिच्यात लोक आपल्या बोर्डाची जाहिरात टाकायचे. प्रत्येक दारावर एक एक राखणदार बसवण्यापेक्षा जिथून माल लिस्टमधे जातो त्या एकाच दारावर बसवावा, हे मला त्या आठवड्यात पटलं. लिस्टमधे बाईट टाकणारा एकच फंक्शन, आणि त्याच्यातून काय जाऊ शकतं ते पक्कं.

बरं, २६ सरळ उडवून द्यावा तर तेही नाही. आयबीएम पीसीच्या ४३७ नंबरच्या कोड पेजमधे, म्हणजे अक्षरांच्या तक्त्यात, २६ चं चित्र आहे उजवीकडे जाणारा बाण. काही लोकांनी वर्णनात तो बाण म्हणून वापरलेला असतो, मला शोधल्यावर दोन सापडले. म्हणून क्रम असा ठरवला: डिझचे शेवटचे १२८ बाईट बघायचे, सॉसने सुरू होत असतील तर तेवढे कापायचे, सॉसमधेच लिहिलेलं असतं की कॉमेंटच्या किती ओळी आहेत, असतील तर प्रत्येकी ६४ बाईट आणि वर ५ बाईटचं डोकं, तेही कापायचं, मग शेवटाला चिकटलेले सगळे २६ झटकायचे, ते एक्समोडेमचे असतात, आणि एवढं करून मधे कुठे २६ उरला तर तो बाण, त्याच्या जागी साधं मोठं-पेक्षाचं चिन्ह. शून्य ते ३१ मधले बाकीचे गाळायचे, एस्केप तर नक्कीच, कारण अ‍ॅन्सीचा ड्रायव्हर लोड असलेल्या मशीनवर एस्केप सिक्वेन्सने कीबोर्डच्या बटणांचा अर्थ बदलता येतो, अ‍ॅन्सी बाँब म्हणायचे त्याला, वर्णन वाचलं आणि पुढच्या एंटरला भलतीच कमांड चालली असले उद्योग लोकांनी केलेले आहेत.

लिहिण्याची पद्धतही बदलली. आधी लिस्ट जागच्या जागी लिहायचो, आता बाजूला टेंप फाईल लिहितो, तिच्यातली नावं मोजतो, आधीपेक्षा कमी भरली आणि कुणी डिलीट सांगितलेलं नाही तर जुनी तशीच ठेवतो आणि लॉगमधे ओरडतो. बरोबर भरली तरच नाव बदलून जागेवर आणतो. बॅकअप एक होता तिथे सात केले, दिवसाला एक. डॉसचा तो जुना सॉर्टर माझा नाही, मी तो बदलू शकत नाही, पण त्याने रात्री लिस्ट तोडली तर सकाळी माझा प्रोग्रॅम ओळखेल एवढं तरी झालं. शिवाय एक वेगळा छोटा प्रोग्रॅम केला, फक्त तपासणीचा, लिस्ट बायनरी म्हणून वाचतो आणि २६ कुठे कुठे आहे ते सांगतो, म्हटलं तर साफही करतो. तो डॉससाठीही बांधला, ३८६ वर चालेल असा, कारण अजून खऱ्याखुऱ्या डॉसवर बोर्ड ठेवणारे लोक आहेत आणि त्यांना सोडून जायचं नाही.

नवं व्हर्जन सोडणं हा वेगळाच भाग आहे, आणि लोक याला कमी लेखतात. खराब व्हर्जन माझ्या साईटवरून काढलं म्हणून संपत नाही, ते फाईल एकोतून बोर्डाबोर्डावर पोचलेलं असतं आणि तिथून लोक उतरवत राहतात. टिक फाईलमधे एक ओळ देता येते की ही फाईल अमक्या फाईलीच्या जागी आली आहे, जुनी काढा. दुरुस्त केलेलं ३.०१ हॅच करताना, म्हणजे फाईल एकोत सोडताना, मी ती दिली. पण समोरच्या सिसॉपने काढायची परवानगी सेट केली असेल तरच ती काढली जाते, आणि बऱ्याच जणांनी केलेली नसते, कारण दुसऱ्याच्या सांगण्यावरून आपल्या डिस्कवरचं काही उडावं हे कुणालाच आवडत नाही. तेही बरोबरच आहे. म्हणून जे वापरतात हे मला ठाऊक होतं त्या प्रत्येकाला वेगळा मेल लिहिला, आणि नवीन काय ते सांगणाऱ्या व्हॉट्सन्यूच्या फाईलमधे सगळ्यात वर, फीचरच्या आधी, चार ओळी: ३.० ने लिस्टमधे २६ नंबरचा बाईट जाऊ शकतो, त्यामुळे रात्रीच्या मेंटेनन्समधे नावं कायमची जाऊ शकतात, आधी इव्हेंट बंद करा, मग तपासणीचा प्रोग्रॅम चालवा, मग अपग्रेड करा. किरकोळ सुधारणा असं लिहून मोकळं व्हायची पद्धत आहे, मला ती मुळीच मान्य नाही. ज्याची लिस्ट अजून तुटलेली नाही त्याला आजच रात्रीच्या तीनच्या आत कळलं पाहिजे.

त्या चार ओळींमुळे आणखी दोघांनी आपापली लिस्ट तपासली. एकाच्या दोन एरियांत २६ निघाला, त्यांचा सॉर्टर आठवड्यातून एकदा चालायचा, शनिवारी, आणि मेल पोचला शुक्रवारी.

मूळ लेखकांनाही मी सगळं कळवलं, लपवण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी उत्तरात विचारलं, डिझ टेक्स्ट म्हणून वाचायची की बायनरी म्हणून यावर त्यांनी तेव्हा विचार केला होता का ते त्यांना आठवत नाही, पण मी आता तिथे कॉमेंट लिहिली आहे ना? लिहिली आहे, सहा ओळींची, त्या फंक्शनच्या डोक्यावर, सॉस, एक्समोडेम आणि बाण तिन्ही गोष्टी सांगणारी. चाचणीचे नमुनेही आता त्या दुसऱ्या सिसॉपांच्या बोर्डावरूनच घेतले आहेत, त्यांनी परवानगी दिली, सगळा एरिया जसाच्या तसा, आवडीनिवडी न करता. नवं व्हर्जन सोडायच्या आधी त्या सगळ्यावरून फिरतं, आणि डॉसबॉक्समधलं जुनं त्याच्या शेजारी.

उरलेल्या ३७ वर्णनांचं काम सिसॉपांनी स्वतःकडेच ठेवलं. मी म्हटलं मी करतो, झिप पाठवा, मी चालवून बघून लिहितो. ते नको म्हणाले, त्यांना प्रत्येक प्रोग्रॅम पुन्हा एकदा चालवून बघायचा होता, काही तर त्यांनी चढवल्यापासून उघडलेच नव्हते. आठवड्याला दोन-तीन असं चाललं, प्रत्येक नवीन ओळ ते मला मेलमधे पाठवायचे. गेल्या महिन्यात शेवटची आली, मोडेमचा आवाज तपासणाऱ्या एका छोट्या प्रोग्रॅमची. मी अक्षरं मोजली, ४४ होती.